बटण ‘लॉक’वर, चाक मात्र मोकळं

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

कोल्हापूरहून गगनबावड्याला जाणाऱ्या रस्त्यावर माझं छोटं गॅरेज आहे. १९८४ पासून मी जीपगाड्यांची कामं करतो. आता हातातला जोर कमी झालाय. पाना मुलगा धरतो आणि मी शेजारी खुर्ची टाकून त्याला ऐकू जाईल इतपत बडबड करतो. आकाशवाणीनं मला ‘पावसाळ्याआधी जुन्या गाडीची काळजी’ हा विषय दिला. पण एवढ्या वेळात अख्खी गाडी कशी सांगून होणार? म्हणून मी गाडीतली एकच वस्तू निवडली. आकारानं आपल्या मुठीएवढी, पण तिच्यामुळे माझी एक रात्र वाया गेली आणि एका बाईचा जीव जाता जाता राहिला.

जुन्या चारचाकी चालीच्या जीपच्या पुढच्या चाकाकडे कधी निरखून पाहा. चाकाच्या अगदी मधोमध एक गोल बटण असतं. त्यावर एक बाण आणि इंग्रजीत दोन शब्द कोरलेले असतात, ‘फ्री’ आणि ‘लॉक’. म्हणजे मोकळं आणि बंद. त्याला लॉकिंग हब म्हणतात. गॅरेजमध्ये आम्ही नुसतं ‘हब’ म्हणतो. चिखलात जायचं असेल तर ड्रायव्हरनं खाली उतरायचं, दोन्ही बाजूंची बटणं ‘लॉक’वर फिरवायची, मग आत बसून फोर व्हीलचा दांडा टाकायचा. एवढं केलं की इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते. निदान मिळायला हवी.

त्या रात्री काय झालं

२००३ चा जुलै महिना. माझ्याकडे १९९२ सालची एमएम ५४० डिझेल जीप होती. तिला मी स्वतःच्या हातानं हब बसवले होते. संध्याकाळी सातच्या सुमाराला वरच्या धनगरवाड्यावरून एक पोरगा भिजत पळत आला. म्हणाला, “मामा, गाडी काढा. वैनीला पान लागलंय.” आमच्याकडे साप चावला असं तोंडानं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. बांधावरचं गवत कापताना घोणस चावली होती, उजव्या हाताला.

डांबरी सोडल्यावर वाड्यापर्यंत तीन किलोमीटरचा कच्चा रस्ता. मध्ये ओढा, आणि ओढ्यानंतर तांबड्या मातीचा उभा चढ. ओढ्याच्या अलीकडे थांबलो, पावसात उतरलो, दोन्ही बटणं ‘लॉक’वर फिरवली. बॅटरी मारून बाण पाहिले, दोन्ही बरोबर होते. ‘फोर व्हील लो’चा दांडा टाकला. ओढा पार केला आणि चढाला लागलो. पाच-सहा वाव गेलो असेन, गाडी जागच्या जागी थांबली. मागची चाकं चिखल उडवत गरागरा फिरत होती. पुढची चाकं मात्र गुळाच्या ढेपा ठेवल्यासारखी नुसती बसून होती. मागं घेतलं, पुन्हा चढवली. चाकाखाली दगड टाकले, पोती टाकली. चार वेळा प्रयत्न केला, चारही वेळा तेच.

शेवटी पोरगा पळत वर गेला. वाड्यावरच्या माणसांनी बांबूला घोंगडं बांधून डोली केली आणि त्या बाईला घेऊन अंधारात, निसरड्यावरून खाली आले. यात तास-सव्वा तास गेला. गगनबावड्याच्या सरकारी दवाखान्यात तिला विषावरची लस मिळाली आणि तिथून रात्रीच तिला कोल्हापूरला सीपीआरमध्ये नेलं. बाई वाचली. हात मात्र कोपरापर्यंत सुजला होता, जखम भरायला दोन महिने लागले आणि दोन बोटं आखडली ती आखडलीच. डॉक्टर मला एवढंच म्हणाले, “थोडं लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं.”

कोणी मला बोल लावला नाही. पण मी गाड्या दुरुस्त करणारा माणूस, आणि माझीच गाडी ऐनवेळी बसली. दोन दिवसांनी पाऊस उघडला तेव्हा मी गाडी उचलून डावा हब खोलला. आतली रिंग जुन्या, वाळलेल्या ग्रीसमध्ये अर्ध्यावर रुतून बसली होती. ते ग्रीस दोन वर्षांपूर्वी मीच बोटानं ठासून भरलं होतं. जास्त ग्रीस म्हणजे जास्त काळजी, असं मला तेव्हा वाटायचं.

हब कशासाठी?

मुळात हे हब आले कुठून ते थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला असले हब नव्हते. पुढच्या चाकाला आतला शाफ्ट एका साध्या लोखंडी चकतीनं कायमचा जोडलेला असायचा. युद्ध संपलं आणि अमेरिकेत त्या जीप लोकांनी साध्या कामासाठी विकत घेतल्या. चांगल्या रस्त्यावर पुढच्या चाकांना ताकद लागत नाही. तरीही चाक फिरलं की त्याच्याबरोबर शाफ्ट, डिफरन्शियलचे दाते, लांब प्रॉपेलर शाफ्ट, सगळा बारदाना विनाकारण फिरत राहायचा. डिझेल-पेट्रोल जास्त, आवाज जास्त, झीज जास्त. यावर उपाय म्हणून आर्थर वॉर्न या अमेरिकन माणसानं १९४८ मध्ये असे हब बनवायला सुरुवात केली. हब मोकळा केला की चाक एकटं फिरतं आणि मागचा बारदाना स्वस्थ बसतो. आपल्याकडे महिंद्रानं मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली. पुढं त्याच घराण्यातल्या गाड्या आपल्या डोंगराळ भागात पसरल्या. त्यांना असे हब अनेकांनी नंतर बाहेरून बसवून घेतले.

आता आत काय असतं ते डोळ्यांसमोर आणा. शाफ्टच्या टोकाला उभ्या खाचा असतात आणि त्यावर एक दातेरी चक्र बसतं. ते शाफ्टबरोबर फिरतं. हबचं बाहेरचं घर चाकाला बोल्टनं आवळलेलं असतं, ते चाकाबरोबर फिरतं. या दोघांच्या मध्ये एक सरकती रिंग असते. रिंग आत सरकली की घर आणि चक्र एक होतात, म्हणजे चाक आणि शाफ्ट जोडले जातात. रिंग बाहेर आली की दोघं वेगळे. झालं, एवढंच यंत्र.

पण यात एक खोच आहे आणि तीच मला त्या रात्री नडली. अनेक हबमध्ये बटण रिंगला थेट ढकलत नाही. बटण एका स्प्रिंगला दाबतं आणि स्प्रिंग रिंगला ढकलते. असं का केलं? कारण बटण फिरवताना आतले दात समोरासमोर आलेले असतील तर रिंग लगेच आत जाणार नाही. मग स्प्रिंग दाब धरून ठेवते. गाडी हातभर पुढं-मागं झाली, दात जुळले, की रिंग आपोआप खट्कन आत बसते. सोय चांगली आहे. पण त्याचा अर्थ असा, की बटणावरचा बाण तुम्ही काय हुकूम दिला ते दाखवतो. हुकूम पाळला गेला का, ते बाणाला माहीत नसतं. रिंग ग्रीसमध्ये रुतली असेल, गंजली असेल, स्प्रिंग मोडली असेल, तरी बाण ‘लॉक’वरच राहणार.

एक गेला की दोन्ही गेले

तुम्ही विचाराल, डावा हब बिघडला होता ना? मग उजवा तर चांगला होता. निदान उजव्या चाकानं तरी ओढायला हवं होतं. हा प्रश्न मला गाडीवाले नेहमी विचारतात. चांगले अनुभवी ड्रायव्हरसुद्धा समजतात, की एक हब गेला तर गाडी ‘थ्री व्हील’ होते. तसं होत नाही.

डोलीचा बांबू आठवा. दोन माणसांच्या खांद्यावर बांबू, मधोमध ओझं. दोघांनी खांदा दिलाय तोवर ओझं उचललं जातं. एकानं खांदा काढून घेतला, तर ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर येतं का? नाही. बांबू कलंडतो आणि ओझं खाली पडतं. साधं डिफरन्शियल अगदी असंच असतं. मधून आलेली ताकद ते दोन्ही बाजूंना सारखीच वाटतं. एका बाजूनं काही विरोधच नसेल, तर दुसऱ्या बाजूलाही काही मिळत नाही. माझ्या डाव्या बाजूचा शाफ्ट चाकापासून सुटलेला होता. सगळी फिरकी त्या रिकाम्या शाफ्टमध्ये जात होती. तो आतल्या आत भिंगरीसारखा फिरत होता, बाहेर कुणाला दिसत नव्हता आणि उजवं चाक ठार बसून होतं. एक हब बिघडला म्हणजे पुढची दोन्ही चाकं गेली, हे पक्कं लक्षात ठेवा.

घरच्या घरी तपासणी

म्हणून हब तपासायचा तो चिखलात नाही, दारात. याला अर्धा तास पुरतो. सपाट, टणक जागा घ्या. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. नुसत्या हँडब्रेकवर विसंबू नका. पुढचा ॲक्सल जॅकनं उचला आणि दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या लावा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात घालू नका. मी असे हात तुटलेले पाहिले आहेत. इंजिन बंद, किल्ली खिशात.

पहिली परीक्षा ‘फ्री’ची. दोन्ही बटणं ‘फ्री’वर ठेवा. डावं चाक हातानं फिरवा. ते सायकलच्या चाकासारखं हलकं फिरायला हवं आणि उजवं चाक जागेवर राहायला हवं. मग उजवं फिरवून पाहा. चाक फिरवताना ते वरखाली धरून हलवूनही पाहा. खडखड हललं तर बेअरिंग ढिलं आहे. ते आधी नीट करा. बेअरिंग ढिलं असताना हब चांगला राहूच शकत नाही, कारण घर एका रेषेत आणि शाफ्ट दुसऱ्या रेषेत अशी त्यांची ओढाताण चालू असते.

दुसरी परीक्षा ‘लॉक’ची. दोन्ही बटणं ‘लॉक’वर फिरवा. फोर व्हीलचा दांडा टाका आणि गाडी गिअरमध्ये ठेवा. त्यामुळे मधला प्रॉपेलर शाफ्ट धरला जातो. आता डावं चाक पुढं फिरवा. उजवं चाक उलट, म्हणजे मागच्या दिशेनं फिरायला हवं. तसं फिरलं तर दोन्ही हब चांगले. शेजारची पोरं गोळा करून दाखवा, त्यांना फार गंमत वाटते. पण डावं फिरतंय आणि उजवं ढिम्म हलत नाही, असं झालं तर दोघांपैकी एक हब फसवतोय.

कोणता, ते हात सांगतो. जोडलेल्या हबचं चाक जड फिरतं, कारण त्याच्याबरोबर आत तेलातले दाते फिरत असतात. कान लावलात तर तो घरघर आवाज कळतो. सुटलेल्या हबचं चाक ‘लॉक’वर असूनही हलकं फिरतं. कधी त्यातून कीट-कीट आवाज येतो, म्हणजे रिंग अर्ध्यावर आहे आणि दातांची टोकं एकमेकांवर घासताहेत. तो आवाज ऐकूनही तशीच गाडी चालवली, तर आठवड्यात दात गोल होतात आणि मग दुरुस्ती उरत नाही.

बटणही काही सांगतं. ते हातानंच फिरायला हवं. हातानं फिरत नसेल तर पक्कड लावू नका. बटण ॲल्युमिनियमचं असतं, त्याचे कान मोडतात. गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर थांबा. बटण फारच सैल, काही दाब न लागता फिरत असेल, तर आतली स्प्रिंग मोडली किंवा निसटली समजा. चालताना जोर पडला की ‘ठाक’ असा आवाज होऊन ओढ सुटत असेल, तर दात झिजलेत किंवा हबचे बोल्ट ढिले आहेत.

एका तक्रारीत मात्र हब निर्दोष असतो. ‘लॉक’ झाला, आता ‘फ्री’ होत नाही. फोर व्हीलमध्ये टणक जमिनीवर वळणं घेतली, की पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांत फरक पडतो. तो फरक शाफ्टमध्ये पिळासारखा साठतो आणि रिंग दातांत आवळून बसते. दांडा ‘टू व्हील’वर घ्या, गाडी सरळ दोन-चार हात मागं घ्या. पीळ उतरतो, बटण फिरतं. हातोडा घेऊ नका.

खोलल्यावर काय पाहायचं

बटणाचं झाकण लहान स्क्रूंनी किंवा ॲलन बोल्टनी लावलेलं असतं. चाकाखाली स्वच्छ फडकं अंथरा आणि ज्या क्रमानं भाग निघतील त्याच क्रमानं ते ओळीनं मांडा. आजकाल मुलगा प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढतो, ते उत्तम. झाकण निघालं की स्प्रिंग आणि रिंग दिसते. शाफ्टच्या टोकाला एक सर्क्लिप असते. ती उडून डोळ्यात जाऊ शकते, म्हणून तिच्यावर तळवा धरूनच काढा. ती जागेवर नसेल तर शाफ्ट आत सरकतो आणि जोडणी अपुरी होते. म्हणजे पाच-दहा रुपयांच्या क्लिपमुळे सगळा चारचाकी डौल वाया. सर्क्लिप काढून घराचे बोल्ट सोडवले, माझ्या जीपला ते सहा होते, की अख्खा हब हातात येतो.

आता ग्रीस पाहा, ते बरंच काही बोलतं. ग्रीस पांढरट, ताकासारखं झालं असेल तर पाणी आत गेलंय. झाकणाखालची रबरी ओ-रिंग कडक झाली किंवा कागदी गास्केट फाटलं. ग्रीस मेणासारखं घट्ट, पिवळसर असेल तर ते जुनं होऊन वाळलंय. आणि ग्रीस पातळ होऊन काळ्या तेलासारखं वाहत असेल, तर ॲक्सलमधलं गिअर तेल आतल्या सीलमधून बाहेर येतंय. मग नुसता हब साफ करून भागणार नाही, सील बदलायलाच हवं.

सगळे भाग रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवा. पेट्रोल वापरू नका, ठिणगी कुठूनही येते. जुन्या टूथब्रशनं प्रत्येक खाच घासा. सुकवा. मग दातांच्या कडेवरून नख फिरवा. कड सरळ, टोकदार लागली तर दात चांगले. गोल लागली तर हब थोडे दिवसच साथ देईल. बारीक गंज असेल तर शून्य नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकेच काढा. रिंग घरात कोरडीच घालून बोटानं मागं-पुढं करून पाहा. ती स्वतःच्या वजनानं सरकायला हवी. अडखळत असेल तर कुठं अडखळते ते शोधा.

स्प्रिंग मोडली असेल तर तिच्यासारखीच हवी. तारेची जाडी आणि लांबी दोन्ही जुळायला हवी. जाड स्प्रिंगनं बटण मोडतं, पातळ स्प्रिंग रिंग ढकलत नाही. असले भाग दुकानात मिळाले नाहीत की मी कोल्हापूरला उद्यमनगरात नमुना घेऊन जातो. तिथले लेथवाले नुसता तुकडा बघून भाग बनवून देतात. गास्केट तर घरीच होतं. गास्केट कागद घरावर ठेवायचा आणि कडेनं छोट्या हातोडीनं हलके ठोके द्यायचे, आकार आपोआप कापला जातो.

ग्रीस किती?

आता माझ्या चुकीकडे येतो. चाकाच्या बेअरिंगला ग्रीस भरपूर लागतं. हबला नाही. बेअरिंगचं ग्रीस जाड असतं आणि तेच हबमध्ये ठासलं, तर सरकत्या रिंगला सरकायला जागाच राहत नाही. थंडीत आणि पावसात ते आणखी घट्ट होतं. स्प्रिंगचा जोर तो किती? मग रिंग अर्ध्यावर अडकते. म्हणून हबच्या सरकत्या भागांना बोटानं नुसता हात फिरवायचा. आई भाकरीच्या तव्याला तेलाचं बोट पुसते, तेवढंच. धातू ग्रीसमधून दिसायला हवा.

बसवताना बटण ‘फ्री’वर ठेवा, ओ-रिंग नवी घाला, बोल्ट समोरासमोरचे असे आळीपाळीनं आवळा. झाकणाचे छोटे स्क्रू ॲल्युमिनियमच्या आट्यांत जातात. तिथं जोर दाखवलात तर आटे जातात. शेवटचा स्क्रू आवळण्याआधी चाक हलवत बटण चार-पाच वेळा फिरवून पाहा. मग वरची ‘लॉक’ची परीक्षा पुन्हा घ्या. ती केल्याशिवाय घोड्या काढू नका. आणि पन्नासएक किलोमीटर गाडी चालली की सगळे बोल्ट पुन्हा एकदा पाहा.

वापरणाऱ्यांसाठी

हब वापरानं कमी आणि न वापरण्यानं जास्त बिघडतो. महिन्यातून एकदा दोन्ही हब ‘लॉक’ करून, दांडा ‘टू व्हील’वरच ठेवून दहा-पंधरा किलोमीटर चालवा. त्यानं पुढच्या ॲक्सलमधले दाते आणि सांधे तेलात न्हाऊन निघतात, रिंगही मोकळी राहते. असं चालवण्यानं काही नुकसान नाही, डिझेल थोडं जास्त लागेल इतकंच. पण दांडा फोर व्हीलमध्ये टाकून कोरड्या डांबरीवर फिरू नका. तसंच हब ‘फ्री’ असताना ‘लो’चा दांडा टाकून जोर काढू नका. सगळी ताकद एकट्या मागच्या ॲक्सलवर येते आणि तिथला शाफ्ट तुटतो. दोन्ही हब नेहमी एकाच स्थितीत ठेवा.

आणखी एक. जुनी साधी चकती, ज्याला आम्ही फ्लँज म्हणतो, तिची जोडी हब बसवताना लोक भंगारात देतात. ती देऊ नका. पोत्यात गुंडाळून सीटखाली ठेवा. रानात हब मोडला, तर तो काढून त्याच बोल्टवर चकती बसवता येते. चाक कायमचं जोडलं जातं आणि तुम्ही घरी पोहोचता. नंतरच्या काही गाड्यांना आपोआप जोडले जाणारे हब आले, काहींत ते इंजिनाच्या हवेच्या ओढीवर चालतात. तिथं बटण नाही, पण रबरी नळी असते. ती तडकली की हाच प्रकार. परीक्षा मात्र तीच घ्यायची, चाक उचलून, हातानं फिरवून.

आमच्या गॅरेजात आता एक नेम झाला आहे. मृग नक्षत्र सात जूनच्या सुमाराला लागतं. त्याआधीच्या रविवारी पंचक्रोशीतल्या जुन्या जीप दारात येतात. दूधवाल्यांच्या, ऊसतोडीच्या मुकादमांच्या, जंगलात पाहुणे फिरवणाऱ्यांच्या. चाक उचलायचं, फिरवायचं, दुसरं उलट फिरतंय का पाहायचं. या परीक्षेचे पैसे मी घेत नाही. ती ज्या रात्री घ्यायला हवी होती, त्या रात्री मी घेतली नव्हती.

धनगरवाड्यापर्यंत आता खडीचा रस्ता झाला आहे. ती बाई आठवडी बाजाराला जाताना कधीतरी गॅरेजवर थांबते. गेल्या वर्षी तिनं मुलाच्या हातातलं चाक फिरताना पाहिलं आणि विचारलं, “मामा, ह्ये उलटं कशापायी फिरवता?” मी तिला समजावून सांगितलं. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “म्हंजी त्या राती ह्ये फिरलं न्हवतं व्हय?” मी म्हटलं, “होय बाई, हेच फिरलं नव्हतं.” तिनं आखडलेल्या बोटांनी पदर सावरला. “मग बघत जावा दरसाल,” म्हणाली आणि बाजाराच्या वाटेला लागली.